ओट्यावरचा तास

१

किल्ली कुलपात जाईना. ज्योत्स्नाने ती साडीला पुसली, उलटी करून पाहिली, पुन्हा घातली. मग तिच्या लक्षात आलं, की किल्ली तीच आहे, कुलूपच दुसरं आहे.

पारोळ्यातलं ते दोन खोल्यांचं घर तिच्या आईचं, ताईबाईंचं. वडिलांनी हयात असतानाच ते बायकोच्या नावावर करून दिलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, खानदेशातल्या सगळ्या लेकीबाळी माहेरी जायच्या तयारीत होत्या आणि ज्योत्स्ना पिंपळनेरहून पहिल्या गाडीने आली होती ती घर झाडून-सारवून घ्यायला. यंदा आईला घेऊन इथेच राहायचं, नुसतं सणापुरतं नाही, कायमचं, असा तिचा बेत होता. भावांना अजून सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं होतं.

घराच्या बाजूने दोन माणसं टेप लावून भिंत मोजत होती.

"काय मोजताय?" तिने विचारलं.

"गाळे किती बसतात ते. आखाजी झाली की पाडायचंय हे."

"कोणाला विचारून?"

माणूस हसला. "घर घेतलंय मालकांनी, अक्का. खरेदी झालीये. म्हातारीनं स्वतः मुखत्यारपत्र करून दिलंय, अंगठा आहे, फोटो आहे. कोणाला विचारायचं?"

ज्योत्स्ना ओट्यावर मटकन बसली. तिने धुळ्याला आपल्या लहानपणच्या मैत्रिणीला, वकील सुलक्षणाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "सुलू, माझ्या मायचं घर चोरीला गेलं."

२

सुलक्षणाला वकिली करून पंचवीसेक वर्षं झाली होती. पैकी निम्मी वर्षं तिने भावाभावांची भांडणं ऐकण्यात घालवली होती, त्यामुळे लोक रडायला लागले की ती पंख्याकडे बघायची. पण हे घर तिच्या ओळखीचं होतं. तिथल्या ओट्यावर ती ज्योत्स्नाबरोबर सागरगोटे खेळली होती, ताईबाईंच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या होत्या. पंख्याकडे बघून भागणार नव्हतं.

दस्ताची नक्कल तिने काढून आणली. कुलमुखत्यारपत्र संक्रांतीनंतरचं. ताईबाईंनी रुपचंद नावाच्या प्लॉटच्या दलालाला घर विकायचा अधिकार दिला होता आणि रुपचंदने लगेच घर विकूनही टाकलं होतं. फोटोत एक म्हातारी होती, तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर हलल्यामुळे पुसट आलेला. अंगठा म्हणजे नुसता डाग. जन्मभर शेतात आणि चुलीपुढे झिजलेल्या अंगठ्याला रेघा तरी कुठून राहणार?

आता ताईबाईंची गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार. मुलांची नावं गेली, महिना-वार गेले. कोणी काही विचारलं की त्या "हाऽ" म्हणत. जेवण झालं का? हाऽ. जेवायचं राहिलं का? हाऽ. दुय्यम निबंधकाने विचारलं असणार, "आजी, राजीखुशीने देताय ना?" उत्तर काय आलं असेल हे सांगायला वकील नको.

आणि या बाईला दोन मुलांनी वाटून घेतलं होतं. थोरला गिरधर फैजपूरला केळीच्या धंद्यात, धाकटा नवल धुळ्याला. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे, अमावास्या झाली की बदली. दोघांचं बोलणं बंद, त्यामुळे एकमेकांचा उंबरा चढायचा नाही. मग सोय काय केली, तर पारोळं दोघांच्या वाटेवर पडतं, तिथे आईच्याच बंद घराच्या ओट्यावर तिला आणून बसवायचं. एकाने गाठोड्यासकट सोडायचं, दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा आणि तोंड दिसायच्या आत निघून जायचं. दुसरा तासाभराने येऊन घेऊन जायचा. लेकीचा महिना नव्हता. लेकीला महिना द्यायचा नसतो, असं गिरधरने सांगितलं होतं, आणि या एका मुद्द्यावर नवलचं आणि त्याचं एकमत होतं.

मुखत्यारपत्राची तारीख सुलक्षणाने पंचांगात पाहिली आणि ती सावरून बसली. अमावास्येचा दुसरा दिवस. म्हणजे ज्या तासात ताईबाई कोणाच्याच नव्हत्या, नेमका तोच तास कोणीतरी उचलला होता.

३

गिरधर फोनवरच कडाडला. "मी मायला ओट्यावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, निघालो. पुढचं नवल्याला विचारा. त्याच्या बायकोला विचारा. ऋतिकाला कधीपासून ते घर खुपतंय."

नवल आपल्या वायरिंगच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून अगदी हळू आवाजात बोलत होता. "सुलक्षणाताई, मला त्या दिवशी उशीर झाला, गाडी पंक्चर होती. गेलो तेव्हा माय ओट्यावरच होती. गाठोडंही होतं. भाऊनेच आधी नेऊन अंगठा घेतला असेल आणि मग बसवली असेल."

"ती कोणाबरोबरही जाते का रे?"

"छे! मी पोटचा पोरगा, मला गाडीत बसवायला अर्धा तास लागतो. हात धरला की ओट्याला चिकटून बसते. चॉकलेट द्यावं लागतं."

शेजारून ऋतिका म्हणाली, "आणि पदर तर डोक्यावर ठरतच नाही हो त्यांचा. मी दहा वेळा घेते, त्या दहा वेळा टाकतात. पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सुलक्षणाने ते ऐकून घेतलं आणि विसरूनही गेली. वकिलाने सुनेच्या तक्रारी लक्षात ठेवायच्या म्हटलं तर डोक्यात कायदा मावणार नाही.

रुपचंद मात्र गोड माणूस. त्याने थंड मागवलं. "मॅडम, मला घरच्याच माणसाने आणून दिलं. कोण, ते मी सांगणार नाही. धंद्यात जिभेला किंमत असते. पण म्हातारी खरी आहे. खोटी निघाली तर मला धरा."

"धरीन," सुलक्षणा म्हणाली. थंड तिने तसंच ठेवलं.

४

ताईबाईंच्या समोरच ताजबीचं घर. नवरा हबीब गाद्या भरायचा, आता मुलगा तौफिक ते दुकान बघतो. ओट्यावरच्या त्या तासात ताईबाईंना चहा पाजायचं काम ताजबीने आपणहून घेतलं होतं. ज्योत्स्नाही दर खेपेला तेवढ्या वेळात ताजबीच्या फोनवर फोन करून आईशी बोलायची. सुना ऐकत नसतात असा महिन्यातला तो एकच तास.

"त्या दिवशी काय झालं, चाची?" सुलक्षणाने विचारलं.

"मी चहा ठेवा नि बाहेर उनू त ओटा रिकामा," ताजबी म्हणाली. "माले वाटनं, नवल लई गया. कोपरावर रिक्षा उभी व्हती. एक बाई बशी राहिंती. लुगडं ताईबाईसारखंच, हिरवं. मी हाक मारी. तिनी वळीसन दखं नही. मंग मी म्हनं, ही ताईबाई नही. तिना पदर नाकलगून व्हता, बेटा. आनी ताईबाई आते पदर लेस का?"

"म्हणजे पदर नाकापर्यंत, आणि मावशी तर आता पदर घेतच नाहीत. रिक्षात आणखी कोण होतं?"

"आतमा कोनतरी मानूस व्हता. पाय दिसनात फक्त."

"आणि ज्योत्स्नाचा फोन?"

"नही उना त्या रोजले."

ज्योत्स्ना शेजारीच बसली होती. ती हळहळली. "माझा फोन नेमका दुरुस्तीला गेला होता गं. यांनी नेला होता साक्रीला. नाहीतर मी फोन केला असता, ताजबी चाचीने शोधलं असतं."

पण सुलक्षणाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती उठून उभीच राहिली होती. "ज्योत्स्ना, कळतंय का तुला? ती दुसरी बाई होती! मावशींसारखं लुगडं नेसवून कोणीतरी तोतया उभी केली. तोतया सिद्ध झाली की मुखत्यारपत्र कचरा, खरेदीही कचरा. घर परत!"

"आणि तशी नसती तर?"

"तर अवघड होतं. मावशीच असत्या, तर त्यांना त्या वेळी समज नव्हती हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागलं असतं. तोवर घराच्या विटा विकून झाल्या असत्या."

ज्योत्स्ना रडली, पण या वेळी बऱ्या कारणाने. ताजबीने दोघींना गूळ दिला. सुलक्षणाला वाटलं, पंचवीस वर्षांत एकदा तरी देवाने फाइल वेळेवर पुढे सरकवली.

५

तक्रारीवर तिन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. एकमेकांच्या घरी ते जाणार नव्हते, म्हणून सुलक्षणाने सगळ्यांना धुळ्याला आपल्या ऑफिसात बोलावलं. रुपचंदलाही बोलावलं. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला तो नक्की येईल, हे तिला ठाऊक होतं.

नवल आणि ऋतिका ताईबाईंना घेऊन आले. ताईबाई खुर्चीत बसल्या. पदर खांद्यावर, पांढरे केस मोकळे. ऋतिकाने तो डोक्यावर घेतला, तो घसरला. गिरधर आला, त्याने पाठीमागून पाया पडल्यासारखं केलं. आईने पाहिलं न पाहिलं. रुपचंद आला आणि "रामराम आजी" म्हणाला. ताईबाई म्हणाल्या, "हाऽ." नवलने कागद वाचायला घेतला. तोतयेगिरी हा शब्द आला तेव्हा दोघे भाऊ कितीतरी वर्षांनी एकाच वेळी मान हलवताना दिसले.

मग ज्योत्स्ना आली आणि तिच्या मागून तिचा नवरा मगन. गाडी लावायला त्याला उशीर झाला होता. पिंपळनेरला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस सभ्य, चढ्या आवाजात कधी न बोललेला.

"नमस्कार," मगन म्हणाला.

ताईबाईंचा हात वर आला. खांद्यावरचा पदर त्यांनी डोक्यावर घेतला, कपाळावरून खाली ओढला, पार नाकापर्यंत, आणि काठ दातात धरला. अंग चोरून त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या.

कोणाचंच लक्ष नव्हतं. सह्यांसाठी पेन शोधणं चाललं होतं. फक्त सुलक्षणाने पाहिलं.

गप्प बसता आलं असतं. हे नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. कागद तयार होता, साक्षीदार ताजबी खरं बोलत होती, सह्या झाल्या असत्या. पण खोट्या तक्रारीवर उभं केलेलं घर पहिल्या उलटतपासणीत पडलं असतं आणि त्याखाली ज्योत्स्नाच सापडली असती. शिवाय रुपचंदचं गोड हसू तिला आत्ता कुठे कळलं होतं.

"मगनराव," ती म्हणाली, "गाडीचा हॉर्न वाजतोय वाटतं. जरा बघता?"

मगन बाहेर गेला. पदर खाली आला. मगन परत आला. पदर वर गेला.

आता सगळ्यांनीच पाहिलं.

६

"बसा मगनराव," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी काय सांगते ते ऐका, चुकलं तर थांबवा. ताजबी चाची म्हणाल्या, रिक्षातल्या बाईचा पदर नाकापर्यंत होता, म्हणून ती ताईबाई नव्हे. मी पण तेच धरून चालले. चूक तिथेच झाली. मग ओटा रिकामा का, हे मी विचारलंच नाही. मावशी आता कोणापुढे पदर घेत नाहीत हे खरं. पण कोणापुढे घ्यायचा असतो? सासऱ्यापुढे, मोठ्या दिरांपुढे. ते सगळे गेले. ज्याच्यापुढे तोंड झाकायचं असा एकच माणूस आता जगात उरलाय. जावई. पोरांची नावं गेली, वार गेले, पण लेकीच्या लग्नापासून अंगवळणी पडलेलं हे राहिलं."

मगनने खुर्ची पुढे ओढली आणि तो बसला.

"मावशी पोटच्या पोराबरोबर अर्धा अर्धा तास उठत नाहीत. पण जावई चला म्हणाला तर सासू नाही म्हणत नाही. म्हणून त्या मुकाट्याने रिक्षात बसल्या. हाक ऐकूनही वळल्या नाहीत, कारण जावयासमोर सासू दुसऱ्याशी बोलत नाही. ओट्यावरचा तो तास कधी असतो, हे भावांखेरीज ज्योत्स्नाला ठाऊक, म्हणजे तुम्हाला. त्या तासात तिचा फोन यायचा. आला असता तर ताजबी चाची शोधायला निघाल्या असत्या. म्हणून फोन नेमका त्याच दिवशी दुरुस्तीला गेला."

ज्योत्स्नाने नवऱ्याकडे पाहिलं. "माझा फोन बिघडलाच नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात, म्हणून मला वाटलं बिघडला असेल."

गिरधर ताडकन उठला. "जवाई असून—! केस करा सुलक्षणाबाई. मायला समज नव्हती, डॉक्टरचे कागद आहेत माझ्याकडे. दोन वर्षांचे आहेत!"

"करा ना, गिरधरभाऊ," मगन पहिल्यांदा बोलला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "खुशाल करा. फक्त मायला कधीपासून समज नव्हती म्हणून लिहायचं, ते आधी ठरवा. बोरी नदीकाठचं शेत त्यांनी तुम्हाला बक्षीस दिलं ते मागच्या दिवाळीला. अंगठा तोच. नवल, बँकेतली ठेव तुझ्या नावावर वळवली ती गणपतीत. अंगठा तोच. मी संक्रांतीनंतर आलो. म्हणजे सगळ्यांत शेवटी."

गिरधर हळूच पुन्हा बसला.

ज्योत्स्नाला शेताचं माहीत नव्हतं. ठेवीचंही नव्हतं. ती एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे बघत राहिली.

"महिने वाटले, शेत वाटलं," मगन म्हणाला. "हिला आखाजीला बोलवायला एक दार नाही ठेवलं. मी हिचा वाटा घेतला. पैसे दुकानात घातले, पण ते दुकान हिचंच आहे ना?"

"मला पैसे नको होते," ज्योत्स्ना म्हणाली. "मला तिथे मायला घेऊन राहायचं होतं."

"ते तू मला कुठे सांगितलंस?" मगनने विचारलं, आणि वाईट हे की त्याला खरंच प्रश्न पडला होता.

७

नवलने घसा साफ केला. "तसं पाहिलं तर... त्या दिवसांत मायचं बरं होतं. बोलायची."

"बोलायची," गिरधर म्हणाला. "संक्रांतीला तर मला ओळखलं होतं."

रुपचंदने पिशवीतून एक संमतीपत्र काढलं. घर घेणाऱ्याला धाकधूक होती, त्याला तिन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या, की आमची आई पूर्ण शुद्धीत होती आणि आमची हरकत नाही. कागद तो घरूनच टाइप करून घेऊन आला होता.

"एक आहे," मगन म्हणाला. "सह्या झाल्या तर मायला मी पिंपळनेरला नेतो. बाराही महिने."

ऋतिकाचा श्वास सुटलेला सगळ्यांना ऐकू आला. गिरधरने पेन हातात घेतलं.

ज्योत्स्नाने सुलक्षणाला आतल्या खोलीत ओढलं. तिथे जुन्या फाइलींचा ढीग आणि एक माठ एवढंच होतं.

"मी एकटीने केस केली तर?"

"करता येईल. मी फी नाही घेणार. पण दोघे भाऊ शपथेवर सांगतील, माय शहाणी होती. त्यांना सांगावंच लागेल, नाहीतर शेत जाईल आणि ठेव जाईल. त्यांच्या साक्षीपुढे मनाई हुकूम मिळणं कठीण. घर पडेल. मगनराव कदाचित आत जातील, कदाचित नाही."

"आणि माय?"

"फिरत राहील. महिना इकडे, महिना तिकडे. तू केस करणारी, तुला भेटू पण देणार नाहीत."

"आणि सही केली तर माय माझ्याजवळ राहील."

"हो."

"यांच्या घरात."

सुलक्षणाने माठावरचं झाकण नीट केलं. ते नीटच होतं. सगळ्या जिल्ह्यात तिच्या नावाचा दरारा होता, जमिनीचे कागद तिला पाठ होते, आणि आत्ता मैत्रिणीला द्यायला तिच्याजवळ पाण्याच्या पेल्याखेरीज काही नव्हतं. कोडं तिनेच सोडवलं होतं. सोडवलं नसतं तर निदान आणखी चार दिवस आशेत गेले असते. तिला स्वतःचा राग आला, मग कायद्याचा, मग मगनचा, आणि शेवटी कशाचाच येईना, नुसतं थकल्यासारखं झालं.

"तू काय केलं असतंस, सुलू?"

"मला नाही माहीत गं," सुलक्षणा म्हणाली. अशिलाला हे उत्तर तिने कधी दिलं नव्हतं.

दोघी बाहेर आल्या. गिरधरची सही झाली होती, नवलची झाली होती. 'आमची मातोश्री त्या वेळी पूर्ण शुद्धीवर व सारासार विचार करण्यास समर्थ होती.' ज्योत्स्ना उभ्यानेच ते वाचून गेली, मग तिने खाली बसून आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याचं लावून, जसं लग्नानंतर लिहितात तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ऑफिसच्या पोऱ्याने चहा आणला. कितीतरी वर्षांनी दोन्ही मुलं, लेक, सून, जावई एका खोलीत बसून चहा घेत होते. सगळ्यांना मोकळं वाटत होतं, निदान आवाज तरी तसे येत होते. रुपचंदने पेढ्यांचा पुडा फोडला.

ताईबाई ते सगळं बघत होत्या. एवढी माणसं, नवे कपडे, पेढे, रडणारी पोरगी. त्यांनी ज्योत्स्नाची साडी हळूच ओढली आणि तिच्या कानाशी कुजबुजल्या, "कोनं लगीन शे व?"

ज्योत्स्ना त्यांच्यापाशी खाली बसली. "मनं लगीन शे, माय."

ताईबाईंनी पदराच्या फटीतून मगनकडे निरखून पाहिलं. मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मंग रडस कसाले? पोऱ्या चांगला शे."